दहा लाख एक

गया, तू सत्त्याण्णववर थांबलीस.

वहीतली शेवटची ओळ तीच आहे. सत्त्याण्णवनं भागलं, बाकी अठ्ठावीस. त्याच्याखाली एकशे एक लिहून ठेवलंयस आणि पुढं कोरं. पेन्सिल वहीतच होती, टोक केलेली.

सुनीता म्हणाली, "अप्पा, आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात वाचायला काहीतरी लिहून द्या." मी म्हणालो, मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, मी काय लिहू? तर तुझी लेक म्हणते, जसं आईशी बोलत होता तसं लिहा. तुझ्याशी मी जसं बोलत होतो तसं लिहिलं तर विहारातली माणसं चपला घालून निघून जातील. तरी लिहितोय. जोडाक्षरं सुनीता नीट करणार आहे. जन्म कधीचा, लग्न कधीचं, मागं कोण कोण, तेही तीच सांगेल. मला फक्त आपल्या भांडणाचं लिहायचं आहे, कारण ते मिटलं नव्हतं. मी म्हणत होतो हा आकडा बसत नाही. तू म्हणत होतीस बसतो. आणि भांडण अर्धं टाकून तू गेलीस. ही तुझी सवय नव्हती.

जमलेल्यांना कळावं म्हणून बसणं म्हणजे काय ते आधी सांगतो. तुला माहीत आहे, तू गप ऐक.

मी जन्मभर शहाबादी फरशी बसवली आणि तू माझ्या हाताखाली होतीस. फरशीवाल्याला आकडा म्हटलं की जमीन दिसते. बारा फरशा दिल्या तर तीन ओळी चाराच्या बसतात, नाहीतर दोन ओळी सहाच्या. तेरा दिल्या की झालं. कशाही लावा, शेवटच्या ओळीत कमी पडतात. एकाच ओळीत तेराच्या तेरा लावता येतात, पण तू म्हणायचीस, "ती फरशी न्हवं, ती पायवाट." असा जो कशातच बसत नाही त्याला आपल्या घरात हट्टी आकडा म्हणत. शाळेत त्याला दुसरं काही नाव आहे म्हणे. असू दे.

तू मला पहिल्यांदा खोटं पाडलंस ते चिटगुप्प्याला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. एका आडत दुकानदाराला गोदामासमोर तूर वाळवायला फरशीचं खळं करायचं होतं. त्याच्याकडं जुन्या घराच्या उकललेल्या फरशा होत्या, सगळ्या एका मापाच्या, तीनशे एक्याण्णव. जागा मोकळी, लांबरुंद कितीही घ्या. फक्त त्याची अट होती, एक फरशी कापायची नाही आणि एक उरवायची नाही.

मी ढिगाकडं बघितलं, तिनानं बघितलं, सातानं बघितलं, आणि सांगून टाकलं, "अण्णा, हा आकडा हट्टी हाय. एक बाजूला ठेवा, मंग बघा कसं मस्त बसवतो."

तू खाली बसून सिमेंटचा माल कालवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सतरा तेवीस."

"तुला कुणी विचारलं?" मी.

"मला विचारलं न्हाई. पण बसतंय."

दुकानदार हसायला लागला. "मेस्त्री, बाईनं न विचारता सांगितलं, तुमाला विचारून सांगता येईना. मोजा की."

तू बोटांवर मोजत म्हणालीस, सतरा विसा तीनशे चाळीस, राहिले एक्कावन्न, सतरा त्रिक एक्कावन्न. झालं. मी दोरी लावली. सतरा ओळी, तेवीसच्या. शेवटची फरशी कोपऱ्यात बसली तेव्हा ढिगाच्या जागी नुसती माती होती. मी त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो ते, माल पातळ झालाय, एवढंच.

तुझ्या बापानं तुला चौथीपर्यंतच शिकवलं, पण घरी बसवून तिसापर्यंत पाढे घेतले, पावकी, सवायकी, दीडकी, वर औटकी. साडेतिनाचे पाढे म्हणणारी बाई मी दुसरी बघितली नाही. फरशा मोजायच्या कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पाढे म्हणायचे मराठीत. आणि माझ्यावर चिडायचं दखनीत. "नक्को बोलो मेस्त्री," एवढं म्हणून तू तोंड फिरवायचीस आणि मग संध्याकाळपर्यंत कुठल्याच भाषेत बोलायची नाहीस.

लोक मला आकड्याचा मेस्त्री म्हणायला लागले. खोली बघून हा माणूस किती फरशा लागतील ते सांगतो, एकही वाया जात नाही, असं नाव झालं. आपल्या हुलसुरात मला लांबून बोलावणं यायचं. नाव माझं आणि डोकं तुझं, हे त्या लोकांना मी कधी सांगितलं नाही. आज विहारात वाचलं जाईल तेव्हा कळेल. मला लाज वाटायली आहे, पण लाज वाटायला उशीरच झाला.

आणि वर काय करायचो? तू सांगितलेला आकडा मी परत मोजायचो. दर वेळी. तू मोजून बाजूला झालीस की मी त्याच ओळीवरून पुन्हा बोट फिरवायचो. ठाणाकुशनूरला तुझ्या चुलतभावाच्या घराची फरशी करताना तू मला एकशे बारा सांगितल्या. मी मोजल्या, एकशे तेरा भरल्या. मला सण झाला. तुझ्या माहेरच्या माणसांसमोर मी तीनदा सांगितलं, बघा, चुकली, चुकली. तू ऐकून घेतलंस. जेवायला बसलो तेव्हा भाकरी वाढता वाढता हळूच म्हणालीस, "मला म्हाईत होतं एकशे तेरा हायत."

"मंग खोटं कामून सांगितलीस?"

"बघायचं होतं, तुमी माझ्यावर सोडताव का. न्हाई सोडत. बरं."

मी आणखी एक भाकरी मागितली.

मग तुझे पाय गेले. बाज दारापाशी आणली, तिथून रस्ता दिसतो म्हणून. फरशीची कामं मी आधीच सोडली होती, गुडघे वाकत नव्हते. आपण दोघं बसून राहायचो. सकाळी च्या झाला की तू म्हणायचीस, "आकडा द्या." कुणाला वाटलं असतं ही मटका लावते. मी आकडा द्यायचा आणि तू तो बसवून दाखवायचा, ही आपली करमणूक. टेंपोवरचा आकडा, पोत्यावरचा आकडा, दिसेल तो. सुनीताच्या जुन्या शाळेच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर तू लिहायचीस.

एकदा मला खोड सुचली. एक हजार एक दिला. म्हटलं, हा बसत नसणार. तू बशीतला च्या संपायच्या आत सांगितलंस, "सात ओळी एकशे त्रेचाळीसच्या. अकरानं बी बसतंय, तेरानं बी बसतंय. काय आकडा दिलाव, सगळ्यांच्या घरी जेवतोय."

मग दहा हजार एक दिला. त्याला तुला आठ दिवस लागले. मधेच मी म्हणालो, "किती बघणार? निम्म्यापर्यंत बघायचं म्हटलं तर पाच हजार झाले."

"शंभरपर्यंत बघायचं. पुढं गरज न्हाई."

"कामून?"

"सतरा ओळी तेवीसच्या अन् तेवीस ओळी सतराच्या, फरशी एकच की. तुमी दारात उभं राहिलाव का खिडकीत, एवढाच फरक. चौकोन झाला की पुढं सगळं उलटं फिरतंय. शंभर बाय शंभर दहा हजार. मंग शंभराच्या पुढं कशाला जायचं?"

चाळीस वर्षं फरशी बसवून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी म्हणालो, "ते ठीक हाय." बरोबर आहे असं म्हणालो नाही. आठव्या दिवशी तू सांगितलंस, त्र्याहत्तर ओळी एकशे सदतीसच्या.

एक लाख एक दिला, तर तो एका सकाळीच पडला. अकरा ओळीत बसला. मोठा आकडा म्हणजे अवघड आकडा असं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि सांगायचं ते सांगितलं. मी तुला काही बोललो नाही. घरी येईपर्यंत जीपमध्ये मी मनात आकडे करत होतो. दहा लाख एक. हजार बाय हजारचं मैदान आणि वर एक फरशी. म्हणजे हजारापर्यंत बघावं लागणार. त्यातले निम्मे जोडीचे, ते सोडले तरी पाचशे राहतात. तुझा हात उतरत चालला होता, दिवसाला एकच भागाकार होईल असं धरलं. पाचशे दिवस. जवळजवळ दीड वर्ष.

मला दीड वर्ष पाहिजे होतं, गया. म्हणून तो आकडा दिला.

"हा बसत न्हाई," मी म्हणालो. "पैज लाव."

"कशावरून?"

"हजार ओळी हजाराच्या. चौकोन पुरा झाला. वर एक उरली. पुऱ्या झालेल्या फरशीवर उरलेली एक कुठंच बसत नस्ते. जन्मभर बघितलंय मी."

"तीन बाय तीन, नऊ. चौकोन पुरा. वर एक ठेवा. दहा. दोन ओळी पाचाच्या. बसली की."

"ते लहान आकड्याचं झालं."

"आकडा हाय का तुमचा भाऊ हाय, मोठा झाला की बदलायला?" तू म्हणालीस. "बसतंय. लावली पैज." आणि वही ओढून घेतलीस.

तिनानं भागलं, दोन उरल्या. पाच सोडलंस, शेवटी एक असलेला आकडा पाचानं जात नाही हे मलाही माहीत होतं. सातानं भागलं, दोन उरल्या. मग तू एकदम अकरा लिहिलंस. मी उठूनच बसलो.

"नऊ कामून सोडलीस?"

"तिनानं गेलं न्हाई, नवानं कसं जाईल? नऊ ओळीत बसल्या असत्या तर तीन-तीन ओळींचे पट्टे करून तिनानं बी बसल्या असत्या."

"तरी बी बघावं माणसानं. चुकवाचुकवी करायची न्हाई."

"मंग तुमी बघा."

मी बघितलं. दोन उरल्या. तरी भांडलो. तू पंधरा सोडलंस तेव्हा भांडलो, एकवीस सोडलंस तेव्हा एवढा भांडलो की भाकरी तशीच ताटात ठेवून उठलो. शेजारची अक्का डोकावून गेली, म्हाताऱ्यांचं काय पेटलंय म्हणून. तिला काय सांगणार, एकवीसवरून पेटलंय? तू माझ्याकडं बघत राहिलीस. म्हणालीस, "तुमी इतकं कामून घाबरायलाव? बसंल, न्हाईतर न्हाई बसंल."

मी नवासाठी भांडत नव्हतो. नऊ सोडलंस तो एक दिवस गेला. पंधरा सोडलंस तो एक गेला. असं करत तू माझ्या दीड वर्षातलं वर्षभर खोडून टाकणार होतीस, आणि वर मान हलवत होतीस, किती सोपं झालं म्हणून. मला सांगता येत नव्हतं. तुला कळलं होतं का नव्हतं, तेही आता विचारता येत नाही.

पण ते दिवस चांगले होते, गया. तेव्हा मी कुरकुरत होतो, आता म्हणतोय चांगले होते. अकराला दोन उरल्या. तेराला दोन उरल्या. "परत एरडु," तू म्हणालीस, "काय हाय हे? जाईल तिथं दोन म्हातारेच उरायल्यात." दुसऱ्या दिवशी सतरा केलंस, दहा उरल्या. "घ्या, लेकरं झाली." मग एकोणीस, तेवीस, एकोणतीस, असंच कमीजास्त. सदतीसला पुन्हा दोन. तू पेन्सिल खाली ठेवलीस, बाहेर रस्त्याकडं बघितलंस. म्हणालीस, "गेली लेकरं आपापल्या घरी." आणि आपण दोघं एवढं हसलो की तुला ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली. मला वाटलं, चालू दे असंच, हजारापर्यंत.

रोज एक. अंगात बरं नसेल तेव्हा दोन दिवसांनी एक. पन्नासच्या पुढचे भागाकार आले तसे तुझे आकडे तिरपे जायला लागले. मी म्हणालो, "मी लिहितो, तू सांग." तू वही दिली नाहीस. म्हणालीस, "तुमी लिहिलाव की परत मोजताव."

सत्त्याण्णव झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी च्या घेऊन आलो. तू वही मागितली नाहीस.

पुढचे दिवस माणसांचे होते. घर भरलं, रिकामं झालं. सुनीता तेवढी राहिली. तेव्हा मी वही काढली. तू एकशे एक लिहून ठेवलं होतंस, म्हणून मी एकशे एक घेतलं. मला भागाकार तुझ्यासारखा येत नाही. मी फरशी बसवतो तसा बसवत गेलो. एकशे एकच्या नऊ हजार ओळी आधी लावल्या. राहिल्या एक्याण्णव हजार एक. त्यात नऊशे ओळी लावल्या. राहिल्या किती? एकशे एक. म्हणजे आणखी एक ओळ. खाली काही उरलं नाही.

मला वाटलं चुकलं. तीनदा केलं. तीन वेळा शून्य. एकशे एक आणि नऊ हजार नऊशे एक. तुझ्या वहीत हे पहिलं शून्य.

सुनीता चुलीपाशी होती. "अप्पा, काय झालं? कामून रडायलाव?"

"बसला."

"कोण बसला?"

"दहा लाख एक. एकशे एक ओळीत बसला. तुझी आई म्हणत होती बसतंय. पुढचाच आकडा होता. एक सकाळ अजून मिळाली असती, तर तिला घावला असता."

"मंग आई जिंकली."

"जिंकली. तिचं बरोबर होतं."

सुनीता तुझी लेक. हात पुसत आली आणि म्हणाली, "आता म्हणायलाव. ती होती तवा एकदा तरी म्हणालाव का?"

मी नाही म्हणालो. खोटं कशाला बोलू? चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही. ठीक हाय म्हणालो, चालतंय म्हणालो, बघू म्हणालो. बरोबर म्हणायला जीभ वळली नाही. आणि तू ते शब्द मागायचीही नाहीस. मागितले असतेस तर तेव्हाही भांडलो असतो.

आता खरं सांगतो. हरल्याचं कळल्यावरही माझी खोड गेली नाही. मी नऊ हजार नऊशे एककडं बघत बसलो. म्हटलं, मोठा आकडा फुटला तर फुटला, हा आतला तरी हट्टी निघू दे. अगदीच हरायला जीव होईना. नवीन पानावर सुरू केलं. तिनानं भागलं, एक उरली. सातानं, तीन उरल्या. अकरानं, एक. तेरानं, आठ. सतरानं, सात. पाच भागाकारात दुपार झाली. आणि मग पेन्सिल आपोआप थांबली.

कारण मला फरशी दिसली. एकशे एक खोल्या धर. प्रत्येक खोलीत नऊ हजार नऊशे एक फरशा. एका खोलीतल्या सात-सातच्या ओळींत बसल्या तर सगळ्या खोल्यांतल्या बसणार. म्हणजे दहा लाख एकच्या सगळ्या सातानं बसल्या असत्या. पण सातानं तू बघितलंस आणि दोन उरल्या होत्या. मग एका खोलीतल्याही सातानं बसणार नाहीत. तेरानं नाही, सतरानं नाही, सत्त्याण्णवनं नाही. मी जे नव्यानं करायला बसलो होतो ते तू आधीच करून ठेवलं होतंस. शंभर बाय शंभर दहा हजार होतात आणि हा आकडा त्याच्या आतला, म्हणजे शंभराच्या आतच बघायचं. शंभराच्या आत तू काही ठेवलंच नाहीस. तेवीस ओळी आहेत तुझ्या. बाकीचे जे सोडलेस ते सोडण्यासारखेच होते. नऊसुद्धा.

तर हट्टी आकडा होता, गया. दहा लाख एक नव्हे, त्याच्या पोटातला. पण तो हट्टी आहे हे ठरवलं तू, मी नाही. माझ्या पाच ओळींवर मी रेघ मारली.

हे मी सुनीताला समजावून सांगितलं. ती शिकलेली आहे, तिला लगेच कळलं. वही घेऊन तिनं पानं चाळली. शेवटच्या ओळींत तुझे आकडे खाली घसरलेत, एक्याऐंशीसारखं काय लिहिलंयस ते वाचता येत नाही, खरं तर ते एकोणनव्वद आहे. ती म्हणाली, "अप्पा, आईचा हात थरथरत होता. शेवटचे पाच-सहा तरी एकदा परत करून बघा. एक जरी चुकला असला तरी सगळं पडंल."

तिचं म्हणणं खरं आहे. एक जरी चुकला असला तर सगळं पडेल. पेन्सिल माझ्या हातातच होती. मी ती तिच्याकडं दिली.

"तुझ्या आईनं बघितलंय," मी म्हणालो. "परत बघायचं न्हाई."